डोळे आखणारा हितेश

हितेशचा डावा हात सुजलाय, ही गोष्ट नमिताबाईंच्या डोक्यातून काही केल्या जाईना. भाजी चिरताना तो हात आठवे, दुधाखालचा गॅस बंद करताना आठवे, आणि दूध उतू गेल्यावर तर जास्तच आठवे.

"सुजला नाहीये गं आई, जरा फुगलाय," असं हितेश फोनवर म्हणाला होता. सुजणं आणि फुगणं यात फरक काय, हे विचारायच्या आत त्याने फोन ठेवला. गणपतीला अठरा दिवस उरले होते. जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात या दिवसांत आईशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलणाऱ्याला आळशी समजतात.

नमिताबाईंची काळजी हा रोह्यात त्यांच्या आळीच्या करमणुकीचा विषय होता. हितेश दुसरीत असताना त्याची सहल दहा मिनिटं उशिरा परतली, तेव्हा बाईंनी हेडमास्तरांना अंघोळीतून बाहेर काढलं होतं. तो कुंडलिकेत पोहायला शिकला, तेव्हा त्या काठावर दोर घेऊन उभ्या असत. दोराचं दुसरं टोक हितेशच्या कमरेला बांधलेलं असे, त्यामुळे तो पोहला कमी आणि ओढला जास्त गेला. बाई बी.एस्सी. झालेल्या, अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या. त्यांचे यजमान दत्तात्रेयराव म्हणत, "ज्याला अवयवांची नावं जास्त पाठ, त्याला दुखणीही जास्त दिसतात."

पण हा सगळा किरकोळ माल होता. खरी कीर्ती झाली ती चार वर्षांपूर्वी. दत्तात्रेयरावांनी एका दुपारी वालाच्या बिरड्याच्या तीन वाट्या संपवल्या आणि छातीवर हात ठेवून ते आडवे झाले. बाईंनी एकशे आठ नंबर फिरवला. सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आळीत शिरली. गॅलऱ्या भरल्या. डॉक्टरांनी छातीला वायरी लावायला घेतल्या, आणि तेवढ्यात दत्तात्रेयरावांनी असा ढेकर दिला की समोरच्या पिंपळावरचे कावळे उडाले. दुखणं संपलं. डॉक्टर आणि ड्रायव्हर चहा पिऊन गेले. त्या दिवसापासून नमिताबाई आळीत एकशे आठबाई झाल्या. गोष्ट सांगण्यात दत्तात्रेयरावच पुढे असत. दर वर्षी ते त्यात थोडी भर घालत, आणि हल्लीच्या आवृत्तीत दोन ॲम्ब्युलन्स येत होत्या. शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन्नास बायकांसमोर बाईंनी सांगून टाकलं होतं, "काय वाट्टेल ते होऊ दे, तो नंबर मी पुन्हा फिरवणार नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तर ज्याच्यासाठी दूध उतू गेलं, तो हितेश. वय वर्षं एकतीस. वडिलांच्या मनात त्याला धाटावच्या कंपनीत चिकटवायचं होतं. जनरल शिफ्ट, कॅन्टीन, दिवाळीला मिठाईचा डबा, असं आखीव आयुष्य. निकाल लागेपर्यंत वेळ घालवायला म्हणून तो मित्राच्या गावी, जोह्याला, आठ दिवस गेला. त्याला आता बारा वर्षं झाली. तिथलीच भूमिका त्याची बायको झाली आणि तिथल्याच कान्हूशेठच्या कारखान्यात तो डोळे आखू लागला.

जोह्यात मूर्ती घडवणारे पुष्कळ आहेत, रंगवणारे त्याहून पुष्कळ. डोळ्यांची आखणी करणारे मात्र मोजके, आणि त्यांत हितेशचा रुबाब वेगळा. पापणीची वरची रेघ तो एका श्वासात ओढायचा. श्वास रोखायचा, ब्रश टेकवायचा, आणि रेघ पूर्ण झाल्यावरच सोडायचा. तो आखणीला बसला की पंखा बंद, गाणी बंद, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे कान्हूशेठचं तोंड बंद. डोळे झाले की तो मूर्तीसमोर मान वाकडी करून विचारायचा, "दिसतंय ना नीट?" जणू चष्म्याचा नंबर काढून दिलाय. गणपतीने कधी तक्रार केली नाही, म्हणून हितेशचा आत्मविश्वास दर हंगामात वाढत गेला.

मंगळवारी एक मोठी मूर्ती सरकवताना पाटाचा गंजका खिळा त्याच्या डाव्या तळहातात घुसला. हितेशने तो उपसला, हात पँटला पुसला आणि जखमेवर शाडूचा गोळा थापला. जोह्यात सगळेच थापतात. कान्हूशेठचं तर हे शास्त्रच होतं, "ही माती देवाची हाय. देवाची माती कधी बाधते काय? आमच्या बापाने जन्मभर हीच लावली." कान्हूशेठचा बाप कशाने गेला, हे कोणी विचारत नसे. तो हात सुजून, ताप येऊन, चार दिवसांत गेला होता. पण गावाने ते तेव्हाच करणीच्या खात्यात टाकलं होतं आणि माती निर्दोष सुटली होती.

गुरुवारी हितेशला ताप आला. औषधाच्या दुकानातून त्याने स्वतःच गोळ्या आणल्या. दोन घेतल्यावर बरं वाटलं. उरलेल्या त्याने कारखान्यातल्या गोविंदाला दिल्या, कारण गोविंदाची दाढ दुखत होती आणि वस्तू वाया घालवणं हितेशच्या स्वभावात नव्हतं.

हे सगळं नमिताबाईंना फोनवर तुकड्यातुकड्याने कळलं होतं. जखम भूमिकाकडून, माती हितेशकडून, गोळ्या गोविंदाची बायको सीताबाईंकडून. तुकडे जोडायचं काम बाई दिवसरात्र करत होत्या.

रविवारी सकाळी कान्हूशेठने मोबाइलच्या स्टेटसला एका मूर्तीचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'यंदाचं खास आकर्षण. नवी नजर.' मूर्तीचा उजवा डोळा मोदकाकडे पाहत होता आणि डावा छताकडे. पापणीची रेघ मध्येच जाड, मध्येच बारीक. कौतुकाचा पाऊस पडला होता. कोणी लिहिलं, 'काय बोलके डोळे!' कोणी लिहिलं, 'एका डोळ्याने भक्ताकडे, एका डोळ्याने स्वर्गाकडे.' पुण्याच्या एका मंडळाने आपल्यालाही अश्शीच नजर हवी म्हणून निरोप धाडला होता.

नमिताबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. चष्मा पुसला. पुन्हा मोठा केला. पापणीची रेघ तीन ठिकाणी तुटली होती. तुटली होती, थांबली होती, पुन्हा सुरू झाली होती.

"अहो, हे बघा," त्या म्हणाल्या. "ही रेघ त्याने तीन श्वासांत ओढलीय."

दत्तात्रेयरावांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "मग? पुण्याच्या मंडळाला आवडलीय. तू काय परीक्षक आहेस?"

"त्याला श्वास पुरत नाहीये."

"नमिता, मूर्तीचे डोळे बघून माणसाची फुप्फुसं तपासणारी तू जगातली पहिली बाई असशील. उद्या मोदक बघून साखर तपासशील."

बाईंनी पर्समध्ये थर्मामीटर, छत्री आणि एक वही टाकली आणि त्या बसस्टँडवर गेल्या.

बस नागोठण्यापर्यंत बरी चालली. गडब गावात रस्त्याकडेच्या दुकानांत पाट आणि मखरं मांडली होती. वडखळला बस थांबली ती थांबलीच. पुढे मूर्ती भरलेल्या टेम्पोंची रांग. बाईंनी वही काढली.

वहीत प्रतिक्षाच्या भाषणाच्या नोंदी होत्या. प्रतिक्षा ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता नर्स. महिला मंडळाने तिला आषाढात बोलावलं होतं. विषय होता सेप्सिस. असल्या नावाचा विषय म्हटल्यावर बायकांनी खाण्याची सोय आधी विचारून घेतली होती. अर्ध्या भाषणात वडे आले आणि सभेचं लक्ष बशांकडे गेलं. लिहून घेणाऱ्या नमिताबाई एकट्याच.

प्रतिक्षा खारपाटातली, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरची पोर. तिने खारबांधाचं उदाहरण दिलं होतं. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो. त्याला एखाद्या खेकड्याचं बीळ पडतं. बिळातून पाणी झिरपतं, ते जंतू. वेळीच बुजवलं तर काही होत नाही. पण दुर्लक्ष झालं, उधाण आलं, बांध फुटला, की सगळा गाव धावत सुटतो. ज्याला जिथे सुचेल तिथली माती उपसून तो भगदाडात टाकतो. शेजारचा बांधही खणतो. मग शेजारचा बांध फुटतो. "समुद्राने एक शेत बुडवलं, बाकीची आपल्याच धावपळीने बुडाली," प्रतिक्षा म्हणाली होती. "सेप्सिस म्हणजे तेच. जंतूंशी लढता लढता शरीर आपलेच अवयव मोडायला लागतं. मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू. आणि हे दिवसांत नाही, तासांत होतं. म्हातारी, बाळं, मधुमेहवाले यांना धोका जास्त, पण धडधाकट तरुणही सुटत नाही."

खाली बाईंच्या बारीक अक्षरात होतं: श्वास भरभर. बरळणं किंवा गुंगी. लघवी कमी. हातपाय गार. ताप खूप, *किंवा नेहमीपेक्षा कमी*. या शेवटच्या शब्दांखाली दोन रेघा होत्या. आणि कोपऱ्यात, 'दवाखान्यात आपणच विचारायचं: हा सेप्सिस असेल का? लाजायचं नाही.'

गोविंदाच्या सीताबाईही तेव्हा रोह्याला पाहुण्या आल्या होत्या आणि भाषणाला बसल्या होत्या. त्यांनी शेवटी एक प्रश्न विचारला होता, "चटणी संपली काय?"

बाई जोह्याला पोहोचल्या तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कारखान्याच्या दारात टेम्पो उभा होता आणि कान्हूशेठ मूर्तींवर प्लॅस्टिक चढवून घेत होता.

"अवो मास्तरीणबाय! या या. पोराचा पराक्रम बघायला आल्या ना? नवी नजर! लोक येडे झालेत नुसते."

"हितेश कुठे आहे?"

"आत हाय. तंद्री लागलीय त्याची. कालपासून कोणाशी धड बोलत नाय. कलाकार हाय, चालायचंच. आणि तुम्ही तापाची कालजी करू नका, ताप उतरला. सकाली मीच हात लावून बघितला. पार गार हाय."

"गार?"

"थंडगार! देवाची कृपा."

नमिताबाईंना वहीतल्या त्या दोन रेघा आठवल्या. त्या आत धावल्या.

हितेश पाटावर भिंतीला टेकून बसला होता. समोर दोन फुटांची मूर्ती, उजव्या हातात ब्रश. रंग ब्रशवरच सुकला होता. पंखा बंद होता, गाणी बंद होती, आणि त्या शांततेत त्याचा श्वास ऐकू येत होता. उथळ, भरभर, धापेसारखा. पापणीची एक रेघ होईपर्यंत श्वास रोखणारा हा मुलगा, आणि आता त्याच्या दोन श्वासांमध्ये शब्द मावत नव्हता.

"हितेश."

त्याने वर पाहिलं. ओळखीचं हसला. "आई... डबा आणलास? बाबा... दोर सोड म्हणाले."

"कसला दोर?"

"नदीतला."

कान्हूशेठ मागे येऊन उभा होता. तो हसला. "बघा, कसा इनोदी बोलतोय! सकाली गोविंदाला म्हणाला, गणपती माझ्याकडे बघून डोले मिचकावतात."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? म्हटलं, देव प्रसन्न झाला."

भूमिका हातातलं रंगाचं भांडं खाली ठेवून जवळ आली. रात्रभर जागल्यासारखे तिचे डोळे झाले होते. "आई, मला बरं नाही वाटत हे. पण सगळे म्हणतात दमलेत."

"भूमिका, सकाळपासून लघवीला गेला होता का?"

कारखान्यातल्या चार माणसांनी लाजून दुसरीकडे पाहिलं.

"नाय गो आई," भूमिका हळूच म्हणाली. "कालपासून एकदाच."

बाईंनी थर्मामीटर लावला. पारा साडेपंच्याण्णवच्या पुढे जाईना. कपाळ ओलं, बोटं बर्फासारखी. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत श्वास मोजले. एका मिनिटात बत्तीस. पुन्हा मोजले, कारण आपण काळजीखोर आहोत हे त्यांना माहीत होतं आणि काळजीखोर माणसाने दोनदा मोजावं. पुन्हा बत्तीस.

मग त्यांनी डाव्या हातावरचं फडकं सोडलं. शाडू वाळून भेगाळला होता. भेगांतून घाण पाणी येत होतं. मनगटापासून एक लाल रेघ निघाली होती, ती कोपर ओलांडून दंडापर्यंत गेली होती. सलग, न तुटता.

"आता याला दवाखान्यात न्यायला गाडी हवी," बाई म्हणाल्या. "लगेच."

"लगेच?" कान्हूशेठने टेम्पोकडे पाहिलं. "टेम्पो तर भरला. बावीस मूर्ती उतरवायच्या म्हणजे तास जाईल. त्यापेक्षा असं करू. टेम्पो पेणला पोचवतो, परत येतो, मग ह्याला आरामात नेऊ. रिकामा टेम्पो, ऐसपैस. तोवर हे एक जोडी डोले..."

"कान्हूशेठ!"

"नाय, म्हणजे त्याला जमलं तर."

दारात जमलेल्यांनी आपापली मतं मांडायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, व्हायरल चालू आहे. कोणी म्हणालं, लिंबूपाणी द्या. गोविंदा सुजलेला गाल धरून म्हणाला, "त्या गोळ्या फार गुणाच्या होत्या, मला लगेच उतार पडला." सीताबाई पुढे आल्या आणि त्यांनी निकाल दिला, "नजर लागलीय गो पोराला. एवढ्या लोकांनी फोटो बघितला! मीठमोहऱ्या आणू काय?"

"सीताबाई, तुम्ही होतात ना त्या भाषणाला?"

"होते ना! वडे बरे होते."

भूमिकाने रिक्षावाल्याला फोन लावला. तो हमरापूरजवळ रांगेत अडकला होता. स्कूटर होती, पण हितेशला बसवताक्षणी तो एका कुशीला कलला. त्याला पुन्हा पाटावर टेकवलं, तेव्हा त्याने समोरच्या मूर्तीला हळूच विचारलं, "दिसतंय ना नीट?" आणि डोळे मिटले.

बाईंनी दत्तात्रेयरावांना फोन केला. आवाज त्यांनी वर्गातला लावला. श्वास बत्तीस, अंग गार, भान नाही, लघवी नाही, लाल रेघ. त्यांनी धड्यातले मुद्दे सांगावेत तसं सांगितलं.

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. मग दत्तात्रेयराव म्हणाले, "नमिता, तू पुन्हा सुरू झालीस. अगं, दमला असेल. एकशे आठबाई जोह्यात पण म्हणवून घ्यायचंय का? तिथे आपली सोयरीक आहे. भूमिकाच्या माहेरी काय तोंड दाखवू मी?"

"तुमचा ढेकर," बाई म्हणाल्या, "मी चार वर्षं ऐकतेय. आता दहा मिनिटं दुसऱ्याचं ऐका. पेणला निघून या." आणि त्यांनी फोन ठेवला. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या आधी फोन ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

मग त्यांनी भूमिकाला हितेशला कुशीवर निजवायला सांगितलं, त्याच्यावर गोधडी घालायला लावली, तोंडात कोणी काही ओतू नये म्हणून सीताबाईंच्या हातातलं लिंबूपाणी काढून घेतलं आणि ते गोविंदाला दिलं. दार अडवून उभ्या असलेल्यांना त्यांनी रस्त्यावर पाठवलं. "तो टेम्पो बाजूला घ्या. मोठी गाडी आत यायला वाट मोकळी पाहिजे."

"मोठी गाडी?" कान्हूशेठच्या लक्षात आता आलं. त्या ढेकराची गोष्ट हितेशच्या लग्नाच्या मांडवात दत्तात्रेयरावांनीच त्याला सांगितली होती, तेव्हाच्या आवृत्तीत एकच ॲम्ब्युलन्स होती. तो मिशीत हसू दाबत म्हणाला, "मास्तरीणबाय, परत तीच का? आणि एवढी गाडी आली, सायरन वाजला, सगला जोहा जमला, नि ह्याचाही ढेकरच निघाला तर?"

नमिताबाईंनी हितेशकडे पाहिलं. त्याची छाती भरभर वरखाली होत होती. मागे भिंतीशी कालपासून आखलेल्या नऊ मूर्ती रांगेत उभ्या होत्या. नऊ डोळे मोदकांकडे आणि नऊ छताकडे. ते डोळे ओरडून सांगत होते, आणि सगळा जिल्हा वाहवा करत होता.

"तर पोटभर हसा," त्या म्हणाल्या. "गोष्ट बारा गावांत सांगा. सगळ्यांना चहा मी करीन. वडेही तळीन."

कान्हूशेठचं हसू मिशीतच राहिलं. त्याची नजर हितेशच्या दंडावरच्या लाल रेघेवर गेली आणि तिथेच खिळली. "आमच्या बापालाही," तो हळू आवाजात म्हणाला, "अशीच रेघ आली होती." आणि तो न सांगता टेम्पोकडे पळाला.

बाईंनी वही उघडून पाटावर ठेवली. नुसतं 'मुलाला बरं नाही' म्हणायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. आधी कारखान्याचा पत्ता, मग श्वासांचा आकडा, मग तो शब्द, वड्यांच्या वासात त्यांनी एकटीने लिहून घेतलेला. शपथ मोडताना पन्नास बायकांचे चेहरे डोळ्यांसमोर येतील असं त्यांना वाटलं होतं. एकही आला नाही. त्यांनी चष्मा नीट केला आणि आकडे दाबले: एक, शून्य, आठ.